उणे पस्तीस

एव्ही रिसिव्हर नावाच्या यंत्राची पुढची बाजू घेणाऱ्याने बघायची असते आणि मागची बाजू बिल फाडून होईपर्यंत घरातल्यांना दाखवायची नसते. पुढे एक मोठं गोल बटण, एक निळसर पट्टी आणि कंपनीचं नाव. अगदी सोज्ज्वळ. मागे वळवलं की लाल-काळ्या टर्मिनलच्या जोड्या, एचडीएमआयची चार-पाच बिळं, एफएमच्या अँटेनाचं टोक, शिवाय कुणीच वापरत नाही अशी लाल-पांढरी भोकं. यातल्या बहुतेकांतून एकेक वायर निघून हॉलच्या एकेका कोपऱ्यात जाणार असते. कॅटलॉगमध्ये हे दिसत नाही. कॅटलॉगमधले स्पीकर वायरीशिवाय वाजतात, सोफ्यावर घड्या न घातलेले कपडे नसतात आणि दिवाणखान्याला मागची भिंत बहुधा नसतेच.

आमच्या हॉलला आहे. डोंबिवलीतला हॉल, १४ फूट लांब, १० फूट रुंद. त्यात सोफा, टीव्ही युनिट, जेवणाचं टेबल, शिलाई मशीन, अण्णांची आरामखुर्ची आणि जून ते सप्टेंबर कपडे वाळत घालायचा स्टँड. यात पाच स्पीकर आणि एक सबवूफर बसवायचा, असा ठराव मी मांडला तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला, “मग आम्ही कुठे बसायचं?”

ठराव मंजूर झाला तो अण्णांमुळे. मध्यमवर्गीय घरात चैनीची प्रत्येक वस्तू ज्येष्ठ नागरिकांच्या नावावर येते. टीव्ही जसजसे पातळ होत गेले तसतशी त्यांच्या स्पीकरना जागा उरेना. बिचारे खाली नाहीतर मागे तोंड करून बसतात आणि भिंतीशी बोलतात. त्यामुळे संध्याकाळी साडेसात ते साडेदहा आमच्याकडे सर्वाधिक उच्चारलं जाणारं वाक्य म्हणजे “काय म्हणाला तो?” कुणीतरी सांगेपर्यंत तो आणखी दोन वाक्यं बोलून गेलेला असतो. मग आवाज ४० वर. तेवढ्यात सुनेने सासूकडे वळून बघितलं की पार्श्वसंगीताचा असा काही दणका बसतो, की आवाज पुन्हा १५ वर. पुन्हा “काय म्हणाला?” रिसिव्हर घेतला तर संवाद वेगळ्या स्पीकरमधून येतात, तो एकटाच मोठा करता येतो, असं मी सांगितलं. हे खरं होतं. बाकीचं मी सांगितलं नाही.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, “साहेब, वॅट किती पाहिजे?” हा प्रश्न आमच्या पिढीला नवा नाही. नव्वदच्या दशकात पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवरही ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं छापलेलं असायचं. तेवढे वॅट खरे असते तर त्या टेपरेकॉर्डरवर इस्त्री चालली असती. पीएमपीओ मोजायची कुठलीही सर्वमान्य रीत नव्हती; छापणाऱ्याची हिंमत हेच माप. आता लोक शहाणे झालेत, म्हणून थापही शहाणी झाली आहे. एका नावाजलेल्या कंपनीच्या पाच चॅनेलच्या यंत्राच्या खोक्यावर १४५ वॅट लिहिलेले. माहितीपुस्तिकेच्या बारीक अक्षरांत गेलं की कळतं, ही शक्ती एकच चॅनेल चालू असताना, १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर आणि ०.९ टक्के विकृती धरून मोजलेली. दोन चॅनेल चालू ठेवून २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत नीट मोजलं की तेच यंत्र ९० वॅटवर येतं. पाचही चॅनेल एकदम चालू केल्यावर काय होतं, याबद्दल पुस्तिका मौन पाळते. आणि आपण पाचासाठीच पैसे मोजत असतो.

गंमत अशी, की त्या ९०चीही गरज नसते. सर्वसाधारण बुकशेल्फ स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८५ ते ८८ डेसिबल आवाज होतो. आमच्या सोफ्यापर्यंत पोचेपर्यंत तो पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात. माणसं घरात बोलतात ती साठ-पासष्ट डेसिबलला. दहा डेसिबल कमी झाले की शक्ती दहापटीने कमी लागते, त्या हिशेबाने मालिकेतल्या सासूला एका वॅटचा विसावा-तिसावा हिस्सा पुरतो. बाथरूममधला एलईडी दिवा नऊ वॅटचा आहे. उलट बाजूने पाहिलं तर ७० वॅटचं यंत्र सोडून १४० वॅटचं घेतलं की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. शेजाऱ्याला फरक कळेल, पण तो कबूल करणार नाही. कानाला दुप्पट वाटायला ७०चे ७०० करावे लागतील. हे मी सेल्समनला कागदावर करून दाखवलं. त्याने शांतपणे कागद बघितला, आणि म्हणाला, “बरोबर आहे साहेब. मग १४५वालाच देऊ ना?”

दुसरा प्रश्न चॅनेलचा. ५.१, ७.१, ५.१.२, ७.१.४. पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा आणि तिसरा छताकडच्या स्पीकरचा. डॉल्बी डिजिटलचं ५.१ थिएटरात आलं १९९२ साली, ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर. ‘पॉइंट एक’ म्हणजे केवळ धडधडीचं चॅनेल. त्याची धाव १२० हर्ट्झपर्यंतच, म्हणून त्याला पूर्ण आकडा मिळाला नाही. नातेवाइकांत असे असतात, येतात उशिरा, बोलत काही नाहीत, पण बसले की पलंग हलतो. ७.१ घ्यायचं तर दोन स्पीकर बसणाऱ्याच्या पाठीमागे हवेत. आमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे आणि भिंतीमागे जोश्यांची बेडरूम. म्हणजे ते दोन स्पीकर जोश्यांच्या बेडरूममध्ये लावावे लागतील, असं मी म्हटल्यावर सेल्समनने ॲटमॉस काढला. हा प्रकार २०१२ साली ‘ब्रेव्ह’ या चित्रपटापासून सुरू झाला. यात छतातून आवाज येतो, पाऊस पडताना तो डोक्यावर पडतोय असं वाटतं. आमच्या वरच्यांच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालेलं नाही, तेव्हा हा अनुभव आम्ही सोसायटीच्या मेंटेनन्समध्येच घेतो.

स्वस्तातल्या रांगेत नावं मोजकीच. डेनॉनचा एव्हीआर-एक्स२५०बीटी, यामाहाचा आरएक्स-व्ही३८५, सोनीचा एसटीआर-डीएच५९०. तिघेही पाच चॅनेलचे, तिघांनाही ब्लूटूथ. यातला कुठला चांगला यावर माणसं रात्र-रात्र वाद घालतात. डोळ्यांवर पट्टी बांधली तर यांतल्या बहुतेकांना फक्त एवढंच सांगता येईल, की कुणीतरी पट्टी बांधली आहे. फरक पडतो तो स्पीकरने आणि खोलीने. म्हणून यंत्रावर कमी आणि स्पीकरवर जास्त खर्च करावा, हे या विषयातलं जवळजवळ सगळं शहाणपण. पण स्पीकर ही लाकडी पेटी असते, तिला बटणं नसतात, त्यामुळे तिच्यावर पैसे खर्च केल्याचं समाधान मिळत नाही.

एक मार्ग अमेरिकेचाही असतो. प्रत्येक मराठी कुटुंबात न्यू जर्सीला एक भाचा असतो आणि “तिकडे हे निम्म्या किमतीत मिळतं” हे त्याचं पालुपद असतं. मिळतही असेल. पण ते यंत्र १२० व्होल्टचं असतं आणि आपल्या भिंतीत २३० असतात. थेट लावलं तर पहिला आवाज फार दमदार येतो, मात्र तो एकदाच. म्हणून स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, जो स्वतः गुणगुणतो. आमच्याच सोसायटीत एकांनी असं यंत्र आणवलं. भाच्याच्या २३ किलोंच्या बॅगेतले आठ किलो त्याने खाल्ले. त्यामुळे मावशीचे हवाबंद डबे तिकडेच राहिले आणि दोन कुटुंबांत अजून धुसफूस आहे.

यंत्र घरी आलं की मांडणीचा प्रश्न. शास्त्र असं सांगतं, की बसणाऱ्याभोवती वर्तुळ काढावं. पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर, सराउंडचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्याच्या किंचित मागे. हे माप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवलं आहे. संघाने आमचा हॉल पाहिलेला नाही. ३० अंश साधायचे तर पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून ११ फुटांवर हवेत; भिंतच १० फुटांची, त्यात एका कोपऱ्यात मुख्य दार. खांद्याच्या मागे भिंत, म्हणजे सराउंड खांद्याच्या रेषेतच. डावा गॅलरीच्या सरकत्या दाराच्या पडद्यामागे. उजव्या बाजूला भिंतच नाही, तिथे स्वयंपाकघराकडे जायची वाट. सरतेशेवटी उजवा सराउंड फ्रिजवर चढला. आता युद्धपटात उजवीकडून येणारं प्रत्येक हेलिकॉप्टर दुधाच्या पिशव्यांवरून उडत येतं.

वायर हा स्वतंत्र अध्याय आहे. केसिंग पट्टी मारून नेली तर भिंत विद्रूप होते, गालिच्याखालून नेली तर अण्णा अडखळतात, भिंत खोदून नेली तर पुढची दोन वर्षं घरात कुणी आपल्याशी बोलत नाही. आम्ही पट्टी मारली. लाल वायर लाल टर्मिनलला आणि काळी काळ्याला, यात अवघड काही नाही. तरीही दिवाळीच्या साफसफाईत सगळं निघतं आणि पुन्हा लावताना पाचांतला एक उलटा लागतो. मग एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ होतो. यंत्र बिघडलं असं समजून माणसं दुरुस्तीवाल्याला बोलावतात. तो दोन वायरींची अदलाबदल करतो आणि व्हिजिटिंग चार्ज घेतो.

सबवूफर कुठे ठेवायचा, हे मात्र गणिताने ठरत नाही. ४० हर्ट्झच्या सुराची लाट २८ फूट लांब असते. आमचा हॉल बरोबर तिच्या निम्म्या लांबीचा, त्यामुळे ती लाट दोन्ही भिंतींशी ठाण मांडून बसते आणि खोलीच्या मध्यभागी जवळजवळ नाहीशी होते. एकाच घरात सोफ्यावर भूकंप आणि आरामखुर्चीत शांतता. यावरचा जाणकारांचा जगन्मान्य उपाय असा: सबवूफर उचलून आपण बसतो त्या जागी, म्हणजे सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचं काहीतरी लावायचं आणि आपण खोलीभर गुडघ्यांवर रांगत कान लावायचा. जिथे आवाज भरीव आणि एकसारखा लागेल ती सबवूफरची जागा. पद्धत अत्यंत शास्त्रीय आहे. फक्त ती चालू असताना सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीची वर्गणी मागायला येऊ नयेत. ते आले. सोफ्यावर काळी पेटी विराजमान, ती घुमतेय, आणि पन्नाशीचा सभासद शिलाई मशीनखालून रांगत बाहेर येतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, चपला काढल्या आणि अण्णांना हळूच विचारलं, “काही अनुष्ठान वगैरे चालू आहे का? मी नंतर येतो.”

यापुढची पायरी खोली मोजण्याची. खोक्यात एक लहानसा माइक येतो. तो बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा, मग यंत्र प्रत्येक स्पीकरमधून चित्रविचित्र आवाज काढून खोलीचा अभ्यास करतं. डेनॉनवाले बहुतेक यंत्रांत यासाठी ऑडिसी वापरतात, यामाहाचं स्वतःचं वायपीएओ आहे. अट एकच, खोलीत शांतता हवी. डोंबिवलीत ही अट घालणाऱ्याने डोंबिवली पाहिलेली नाही. माइक लावला की कुकरची शिट्टी. ती झाली की भंगारवाल्याचं रेकॉर्डिंग, ते गेलं की पंपाची मोटर, मोटर थांबली की ‘काय चाललंय रे?’ असं विचारणारे अण्णा. यंत्र दर वेळी ‘आजूबाजूला गोंगाट आहे’ असा शेरा मारून परीक्षा रद्द करतं. शेवटी हे काम मध्यरात्रीनंतर करावं लागलं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची. मोजणीचे आवाज पंचाहत्तरच्या आसपास असतात. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर जोश्यांचा संदेश होता, रात्री दीडला एक अपरिचित पक्षी ओरडत होता, कुणी ऐकला का? खाली तिघांनी वेगवेगळ्या पक्ष्यांची नावं सुचवली होती.

निकाल वाचताना मन घट्ट लागतं. यंत्राने सगळ्या स्पीकरची अंतरं बरोबर दिली आणि सबवूफर २२ फुटांवर आहे असं जाहीर केलं. हॉल १४ फुटांचा. म्हणजे तो जोश्यांच्या बेडरूममध्ये. जिथे स्पीकर लावायला मी दुकानात नकार दिला होता, तिथे यंत्राने परस्पर लावला. पण हा आकडा बदलायचा नसतो. सबवूफरच्या आतल्या सर्किटमधून जाताना आवाजाला जो उशीर होतो, तो यंत्र अंतरात धरतं. तेव्हा २२ तर २२. बदलायचं ते दुसरंच. तळहातापेक्षा थोडे मोठे पडदे असलेल्या आपल्या स्पीकरना यंत्र उदार मनाने ‘लार्ज’ म्हणून बसतं. त्यांना निष्ठुरपणे ‘स्मॉल’ करावं आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं ओझं सबवूफरवर टाकावं. स्पीकरना वाईट वाटत नाही.

टीव्हीकडचा आवाज रिसिव्हरकडे आणायला एआरसी नावाची सोय आहे. २००९ पासून एचडीएमआयमध्ये ती आली, २०१७ साली तिची थोरली बहीण ई-एआरसी आली. दुकानात ई-एआरसीसाठी जादा पैसे मागतात, पण ओटीटीवरचा डॉल्बीचा आवाज साध्या एआरसीतूनही येतो, तेव्हा डोकं शांत ठेवावं. वायर मात्र टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच घालावी. बाकीची भोकं हुबेहूब असतात आणि त्यांतून काही ऐकू येत नाही. याच वायरीतून सीईसी नावाचा एक प्रकार चालतो, ज्याने एका रिमोटवर सगळी यंत्रं चालावीत. एलजी त्याला सिंपलिंक म्हणतं, सॅमसंग एनीनेट प्लस, सोनी ब्राव्हिया सिंक. बारशाला आत्याने एक, मामाने एक आणि आजीने तिसरंच नाव ठेवावं, आणि मुलाने कुठल्याच हाकेला ओ देऊ नये, तसं ते वागतं. आमच्याकडे अजून तीन रिमोट आहेत.

रिसिव्हर तापतो. त्याच्या डोक्यावर चार बोटं मोकळी जागा ठेवा, असं पुस्तिका सांगते. पण सपाट आणि रिकामी अशी जागा मराठी घरात फार काळ टिकत नाही. आठवडाभरात तिथे क्रोशाचा रुमाल आला, रुमालावर पितळी समई. गरम होऊन यंत्र आपोआप बंद पडलं तेव्हा बायको म्हणाली, “चांगलंय की, स्वतःला समजतं किती वाजवायचं ते.”

आता आवाजाचा आकडा. या यंत्रांवर आवाज बहुधा उण्यात दाखवतात. शून्य म्हणजे चित्रपटगृहाची पातळी, जिथे एकेका चॅनेलचा मोठ्यात मोठा दणका १०५ डेसिबलपर्यंत जातो. घरात आपण त्याच्या बरेच खाली ऐकतो, म्हणून पडद्यावर उणे पस्तीस. अण्णा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि विचारलं, “उणे पस्तीस? म्हणजे आपण याला आवाज देणं लागतो?”

शेवटी ज्यांच्या नावावर हे सगळं आलं त्यांचं काम दोन मिनिटांत झालं. संवाद बव्हंशी मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. मालिका दोनच चॅनेलमध्ये येत असली तरी रिसिव्हरचा सराउंड मोड दोन्हीकडे सारखं असलेलं बोलणं उचलून मध्ये आणतो. तो सेंटर तीन डेसिबलने वर केला. नाइट मोड लावला, म्हणजे दणके दबतात आणि कुजबुज उठते. अण्णांची खुर्ची योगायोगाने खोलीच्या त्याच शांत मध्यावर, जिथे खर्जाची धडधड पोचत नाही. साडेसातची मालिका लागली. अण्णांनी एकदाही “काय म्हणाला?” विचारलं नाही. पूर्ण भाग त्यांनी शब्दन् शब्द ऐकला आणि जाहिराती लागल्यावर म्हणाले, “हे असं बोलतात होय? उगाच इतकी वर्षं विचारत होतो. बंद कर.”

तरीही माझं मत विचाराल तर घ्या. पाच चॅनेलचा घ्या, आधीच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळत असेल तर तेच घ्या, वॅटचा आकडा वाचू नका आणि वाचलेले पैसे सेंटर स्पीकरवर घाला. हॉल आमच्याहून लहान असेल आणि भिंतीला पट्टी मारायला घरात परवानगी नसेल, तर साउंडबारही वाईट नाही. फक्त दुकानातून निघताना बिल आणि अधिकृत वितरकाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड हातात घेऊनच निघा. परस्पर आलेल्या मालाला कंपनी सहसा वॉरंटी देत नाही, आणि दुकानदार हे पैसे मोजून झाल्यावर सांगतो.